ऋषिराजची पावती

तीस वर्षं मी अंथुर्ण्याच्या डेअरीत दूध मोजलं. लॅक्टोमीटर बुडवायचा, आकडा बघायचा, पावती फाडायची. गावात कुणाच्या दुधात किती विहीर आहे, हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक. निवृत्त झालो तेव्हा अंगणवाडीच्या सुप्रियाताई म्हणाल्या, "तात्या, रोज तासभर येऊन पोरांना गोष्टी वाचून दाखवा." गेलो. पण नोंदीची सवय सुटत नाही. दर शनिवारी वहीत एकेका पोराची एक ओळ.

श्रेया: पुस्तक उलटं धरते. तीन आठवड्यांनी: सुलटं धरते, पानं दोन-दोन उलटते. छकुली: ऐकताना झोपते. पुढं: झोपते, पण मी पान गाळलं की उठते.

ऋषिराज साडेचार वर्षांचा. त्याचे आजोबा हिंदुराव माझ्या वयाचे. त्यांचं दूध कायम काठावरचं. नापास होत नाही आणि पास करताना हात जड होतो. सकाळी डेअरीत नातू बरोबर असतो, पावती धरायचा मान त्याचा.

एका मंगळवारी हिंदुराव अंगणवाडीच्या दारात उभे राहून मला म्हणाले,

"रावजी, चार म्हैनं झालं. पोराला नाव लिवता येतंय का?"

"अजून न्हाय."

"मग करतंय काय हितं?"

"गोष्टी ऐकतंय. रेघा मारतंय."

"रेघा मारायला घरची भित हाय की. शनवारपतुर नाव आलं तर ठीक. न्हायतर सोमवारपासनं बारामतीच्या शाळंची गाडी."

मला पोरगं सोडायचं नव्हतं. त्याचं पान वहीत अर्धंच भरलं होतं. सुप्रियाताईंची पाठ फिरली की मी पाटीवर ठिपके काढून त्याचा हात धरून नाव गिरवून घ्यायला लागलो. गुरुवारी त्यानं पाटी ढकलली. शुक्रवारी खडूला शिवला नाही.

सुप्रियाताईंना कळलंच. "तात्या, म्हैस अजून गाभण आहे आणि तुम्ही बादली घेऊन बसलाय," म्हणाल्या, आणि पाटी काढून घेतली.

शनिवारी हिंदुराव टोपी सारखी करून आले. मी मान खाली घालून बसलो. सुप्रियाताईंनी ऋषिराजच्या हातात खडू दिला आणि म्हणाल्या, "तुला हवं ते लिही."

पोरगं फरशीवर बसलं. डावीकडून उजवीकडं वाकड्यातिकड्या रेघांच्या तीन ओळी काढल्या. शेवटी एक गोल.

"ही काय गांडुळं?" हिंदुराव म्हणाले.

"पावती हाय," ऋषिराज म्हणाला.

"वाच बरं," सुप्रियाताई म्हणाल्या.

त्यानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. "सकाळ. म्हैस. सात लिटर." बोट गोलावर आलं. "आबांनी पाणी घातलं. एक तांब्या."

मदतनीस गोजरबाईंनी तोंडाला पदर लावला. ऋषिराज थोडा विचारात पडला. "न्हाय, दोन," म्हणाला, आणि शेजारी दुसरा गोल काढला.

हिंदुरावांनी पायानं एक गोल पुसला. नातवानं तो परत काढला.

"ह्येला ह्ये कुणी शिकवलं?"

"पाणी तुमी," मी म्हणालो. "लिवणं हितं."

"आबा, गेल्या महिन्यात तो नुसत्या रेघा मारायचा," सुप्रियाताई सांगायला लागल्या. "आता त्याला कळलंय, मनातलं खाली उतरवता येतं आणि परत वाचता येतं. अक्षरं काय, येतीलच मागनं."

हिंदुराव त्या दोन गोलांकडंच बघत होते. मग नातवाचा हात धरून निघून गेले.

सोमवारी शाळेची गाडी फाट्यावर थांबली आणि निघून गेली. साडेदहाला हिंदुराव पोराला घेऊन आमच्या दारात.

"तितं लई पोरं असत्यात," ते म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ द्या. पन रावजी, त्याला दुसरं कायतरी लिवायला लावा."

"त्याला हवं ते त्यो लिवतो, हिंदुराव," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "त्येच तर."

दुपारी मी वही उघडली. ऋषिराज: लिहितो, वाचतो, चूक दुरुस्त करतो. नाव अजून नाही.