दुसऱ्या डुकराचा नमुना

दोन डुकरं कापली की दोन नमुने द्यायचे, हे माच्वा भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रत्येक डुकराच्या छाती-पोटामधल्या पडद्याचा बोटभर तुकडा वेगळ्या पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचा. मांसात जंत आहेत का, ते तो तपासतो. शिक्का पडला की मगच खिमा मळायला घ्यायचा. पण त्या शनिवारी गारठा असा की बोटं वळत नव्हती, गडी चार-चार पेले राकिया चढवून घाईला आलेले, आणि दुसऱ्या डुकराचा पडदा कुणीतरी खिम्याच्या यंत्रात घालून मोकळा झालेला.

"आता?" नेवेंकानं विचारलं. ती शाबाट्सच्या नर्सिंग शाळेत शेवटच्या वर्षाला होती, त्यामुळे नमुने पोचवण्यासारखी कामं आपसूक तिच्याच गळ्यात पडत.

"आता काय? एकाच आईची पिल्लं, एकाच कुंडात जेवलेली," तिचे बाबा रादिवोये म्हणाले. "त्या एकाचेच दोन कर. तुकड्याला काय तोंड आहे सांगायला?"

गडी हसले. नेवेंकाही हसली. तिनं तुकडा मधोमध कापला आणि आपल्या वळणदार अक्षरात पिशव्यांवर एक आणि दोन असे आकडे घातले. शिक्का दोन्हींना मिळाला.

संध्याकाळी बाबांनी खिम्यात मीठ आणि लाल तिखट मळलं. मिठाचा अंदाज घ्यायचा तो कच्चा खिमा जिभेवर ठेवून, आणि तो मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. बाबांनी चारदा चव घेतली. मग सॉसेज भरून धुरीला टांगली. ती उतरायला अजून महिना होता. कच्चं मांस पोटात गेलं ते एकट्या बाबांच्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं. डुकरं कापल्यावर कुणाचं बिघडत नाही? असं म्हणून सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. दहाव्या दिवशी मात्र पापण्या सुजून डोळे मिटले, ताप चढला, आणि पोटऱ्यांना कुणाला हात लावू देईनात.

आईनं, म्हणजे स्तामेनानं, स्वयंपाकघरातला खण उघडला. गावातल्या प्रत्येक घरात असतो तसा तो खण: कुणाच्या दाढेसाठी आणलेली, कुणाच्या खोकल्यासाठी आणलेली, बरं वाटलं की अर्ध्यावर सोडलेली अँटिबायोटिकची पाकिटं.

"तू शिकतेस ना? यातली कुठली देऊ?" आईनं विचारलं.

दोन आठवड्यांपूर्वी नेवेंकाला याच विषयात पैकीच्या पैकी मिळाले होते. देसांकाबाईंनी तिचा पेपर वर्गात वाचून दाखवला होता. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, जंतांचं त्यानं काही वाकडं होत नाही. जंतांचं औषध वेगळं, आणि तेही लवकर द्यायचं, कारण जंतांची पिल्लं एकदा स्नायूंत जाऊन बसली की त्यांच्यापुढे औषधाचं फारसं चालत नाही. कच्चं मांस, सुजलेल्या पापण्या, दुखरे स्नायू. सगळं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि आता तेच पलंगावर कण्हत पडलं होतं.

बोलायचं होतं ते एकच वाक्य. पण ते बोललं की नमुन्याची चौकशी आली. धुरीतलं सगळं मांस जाळायला नेणार. पिशव्यांवर अक्षर तिचं. शाळा तिला ठेवेल? जूनपासून इस्पितळात नोकरी मिळायची होती, ती कोण देईल? भ्याली ती, सरळ भ्याली.

"ही दे," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ."

पाच दिवस तिनं स्वतः वेळ पाळून गोळ्या दिल्या. फ्लू असेल, उतरेल, असं ती मनाला बजावत होती. मनाला ते मुळीच पटत नव्हतं.

"घरात नर्स असताना दवाखाना कशाला?" बाबा शेजाऱ्यांना सांगत.

सहाव्या दिवशी बूट चढवताना त्यांना श्वास पुरेना. शाबाट्सच्या इस्पितळात नेवेंकानं डॉक्टरला एवढंच सांगितलं, की बाबांनी कच्चा खिमा चाखला होता. नमुन्याचं मात्र दडवलं. डॉक्टरनं जंतांचं औषध लगेच सुरू केलं.

"हृदयाला सूज आलीय," तो म्हणाला. "जंतांची पिल्लं आत जाऊन बसलीत ती बसलीत. आठवडाभर आधी आणायचं होतंत."

दोन दिवसांनी देसांकाबाई वर्ग घेऊन वॉर्डात आल्या. बारा मुली पलंगाभोवती उभ्या राहिल्या.

"नेवेंका, तूच सांग. हे औषध कधी द्यायचं?"

"जितकं लवकर तितकं. पहिल्या आठवड्यात उत्तम."

"आणि इथे कधी दिलं?"

"पंधराव्या दिवशी."

"का बरं?"

तेवढ्यात बाबांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला.

"माझ्यामुळे," ते म्हणाले. "नमुना मी खोटा दिला. पोरगी पहिल्या दिवसापासून सांगत होती, दवाखान्यात चला म्हणून. मीच हट्टाला पेटलो." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

तिला आजार ओळखू आला होता, हे त्यांना कधी कळलं, कोण जाणे. नेवेंका त्यांना कधी काही बोलली नव्हती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंत ना मुलींनो? वेळेवर ओळखणं म्हणजे काय, ते हिच्याकडून शिका. तू तुझं काम चोख केलंस, नेवेंका. मनाला लावून घेऊ नकोस."

नेवेंकानं बाबांचा मास्क परत तोंडावर बसवला, पट्टा कानामागे नीट केला.

"हो, बाई," ती म्हणाली.