गोजरबाईच्या परसातली भेंडी

त्या साली गोजरबाईच्या परसातल्या भेंडीनं आम्हाला नको नको करून सोडलं. मी कोकिळा, तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. त्यामुळे पहिलं टोपलं माझ्याच दारात. परतून केली, ताकातली केली, भरली केली, शेवटी चिरून वाळत घातली. घरची माणसं ताट बघूनच उठायला लागली. गोजरबाई टोपलं घेऊन निघाली की गल्लीतल्या बायका कडी लावून घेत.

एकदा वैतागून मी म्हटलं, उपटून टाका ती झाडं. तर ती माझ्यावरच उखडली. मग चुलीपुढं बसून खरं काय ते बोलली. तिचं माहेर गंगाखेडच्या अंगाला, गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या काठी. तिथं त्यांचं उसाचं गुऱ्हाळ. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात कालवायची, ते बुळबुळीत पाणी उकळत्या रसात ओतलं की मळी वर येते आणि गूळ पिवळाधमक उतरतो. लहानपणी ठेचायचं काम हिचं. झाडं न्यायला तरी भाऊ येईल, या आशेवर तिनं आषाढात परसभर बी टोचलं होतं.

रझाकाराच्या साली बाप वारला. वाटा बंद, हिला जाता आलं नाही. भाऊ आश्रुबा तेवढंच मनात धरून बसला. सहा दिवाळ्या गेल्या, मुराळी म्हणून हिला न्यायला कुणी आलं नाही. आणि मुराळी आल्याशिवाय माहेरची वाट धरायची नाही, हा हिचा ताठा. तिकडं आईची नजर गेलेली. ती आहे तोवर एकदा भेटावं एवढंच गोजरबाईला हवं होतं, पण तोंडानं मागणार नाही. मला तर चीड यायची. आई काय जन्माला पुरते?

कार्तिकात गाडीवान भुजंग तिकडून आला आणि सांगू लागला, यंदाच्या पुरानं काठावरची रानभेंडी धुऊन नेली, आश्रुबाचा गूळ काळा पडायलाय. गोजरबाईनं विळा उचलला. दिवस मावळायच्या आत परस बोडकं झालं. फेरा पाडून, गाठीला मधे पीळ देऊन तिनं एकेक पेंढी बांधली आणि भुजंगाच्या गाडीत घातली. निरोप काय सांगू, असं त्यानं विचारलं.

"काय बी सांगू नगंस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिचा पाय घरात ठरेना. भरलेली घागर घेऊन पुन्हा आडावर जाई. नवरा, वाल्मीकभाऊ, ताटावर बसून राही आणि तव्यावर भाकरी करपे. लांबून गाडीची खडखड आली की ही उंबऱ्यात. तिचं बघून मलाही काही सुचेना. निवडलेली डाळ मी दोनदा निवडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. भुजंगाशेजारी आश्रुबा बसला होता. उतरला आणि बोडक्या परसाकडं बघत राहिला. बहिणीकडं बघायचं त्याला धाडस होईना.

"आईनं पेंढीची गाठ चाचपली," तो म्हणाला. "म्हणली, हा पीळ माझ्या गोजरचा हाय. आता ठेचायला बी तिलाच आण. मुराळी म्हणून आलोय, आक्का. लय उशीर केला मी."

गोजरबाई वळली. आत गेली, मागच्या दारानं परसात गेली, तिथं नुसते खुंट बघून तशीच माझ्या दारात आली.

"कोकिळा, त्याला भेंडी लय आवडती," ती म्हणाली. "पसाभर हाय का गं?"

सहा वर्षं सख्ख्या भावाला जिनं 'मला ने' म्हटलं नाही, ती माझ्या उंबऱ्याशी पदर पसरून उभी होती. डोळे भरून वाहत होते, ते पुसायचंही तिला भान नव्हतं. मी फळीवरचं गाडगं काढलं आणि वाळवलेली सगळी भेंडी तिच्या पदरात ओतली. तिचीच होती.