चुना लावलेला हौद

मी ढोरांचा हौद. राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, विठ्ठलरावांच्या विहिरीजवळ आहे. बोलायची मला सवय नाही. एकदा बोलायला हवं होतं, तेव्हा गप्प राहिलो. म्हणून आता सांगतो.

गवंडी देवीलालनं मला बांधलं. विठ्ठलरावांनी बैल आणून शेजारी उभा केला आणि म्हणाले, "याची मान जास्त वाकली नाई पाह्यजे." बैलाच्या छातीला दोरी लावून माझी उंची ठरली. मग बैलांना सावली हवी म्हणून त्यांनी बाजूला बाभूळ वाढवली. एवढा विचार आता कोणी करत नाही.

तीस वर्षं बैल माझ्यातलं पाणी प्याले. मग ट्रॅक्टर आला. शेवटची जोडी गेली आणि मी कोरडा पडलो. कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ अंगावर बसत राहिली. एका हिवाळ्यात कुत्री माझ्यात व्याली.

एक गोष्ट मात्र थांबली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. त्या दिवशी विठ्ठलराव दरवर्षी मला घासायचे आणि आतून-बाहेरून चुना लावायचे. गोठ्यात बैल नसले तरी. घरात कोणी त्यांना काही विचारत नसे.

मग त्यांच्या मुलीची मुलगी समीक्षा आजोळी राहायला आली. वणीच्या कॉलेजात शिकते. तिनं खाणीतून उपसलेलं पाणी टँकरनं आणून मला भरलं. त्यात बाटलीभर हिरवं ओतलं. डोळ्यांना कण दिसणार नाही, इतकं बारीक शेवाळ. त्यापासून चुलीचा गॅस करायचा, असं ती म्हणाली.

"जनमभर आमी हौदातलं शेवाळ घासलं," विठ्ठलराव म्हणाले, "अन् तू पेरून राह्यली?"

"पेरनं सोपं हाय, आबाजी. काढनं अवघड."

खरं होतं. आजी विमलताईंचं लुगडं चार पदरी धरलं, तरी हिरवं पाण्याबरोबर गळून जायचं. यंत्रानं काढावं तर मिळेल त्याहून जास्त वीज खर्च होणार. तेव्हा समीक्षानं घरात बाटल्यांमध्ये बुरशी वाढवली. गुळाच्या पाण्यात तिचे साबुदाण्याएवढे पांढरे गोळे झाले. ते हिरव्या पाण्याच्या बरणीत सोडले, की दोन दिवसांत सगळं शेवाळ त्यांना चिकटायचं. गोळे हिरवे, पाणी नितळ. चहाच्या गाळणीनं निघायचे.

"लोनच्याले बुरशी आली तं मी बरनी फेकतो," विमलताई म्हणाल्या, "अन् हे तिले गूळ चारते." पण ते गोळे बंद पिंपात कुजवून झालेल्या गॅसच्या आचेवर पहिला चहा त्यांनीच ठेवला.

हे सगळं बरणीत झालं. पूर्ण हौदाचं करून दाखवायचं होतं. त्यासाठी कॉलेजच्या मॅडम पोळ्यानंतर येणार होत्या. दाखवलं तर काम पुढे चालणार, नाहीतर तिथंच बंद. माझ्यात हिरवं दाटायला तेवीस दिवस लागले. खांदशेकणीच्या सकाळी समीक्षानं बुरशीचे गोळे माझ्यात सोडले आणि मोठी चाळणी आणायला वणीला गेली.

दुपारी विठ्ठलराव आले. वाकून पाहिलं. वर पांढरं तरंगत होतं. समीक्षाच्या बाटल्यांत त्यांनी कधी डोकावलं नव्हतं. ते जन्मभर एकच शिकले होते, बुरशी आली म्हणजे नासलं. त्यात दिवस खांदशेकणीचा. त्यांनी माझं बूच काढलं. पाणी तुरीच्या वावरात गेलं. मग काथ्यानं घासलं, चुना लावला. वयामुळे तीनदा खाली बसले.

खोटं कशाला बोलू, पांढरं झाल्यावर मला बरं वाटलं.

समीक्षा आली आणि चाळणी हातात धरून उभी राहिली.

"आबाजी, हे काय केलं?"

"नासलं होतं. बुरशी आलती. पाहुन्यापुढं तुही लाज जाऊ नये म्हनून साफ केलं."

"म्याच टाकली होती ते. तेच तं पीक होतं, आबाजी."

विमलताई नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीले विचारलं असतं तं तोंड झिजलं असतं का जी?"

विठ्ठलरावांचे हात चुन्यानं भरलेले होते. ते तसेच घरी गेले.

मॅडम आल्या, पांढरा हौद पाहिला. म्हणाल्या, "एकवीस दिवस देते. पुढे माझ्या हातात नाही."

माफी मागणं विठ्ठलरावांना येत नाही. पोळ्याच्या दिवशी गाव बैल सजवत होतं, तेव्हा ते तुरीत शिरले होते. खोलगट जागी ते पाणी साचून राहिलं होतं. त्यांनी दोन बादल्या हिरवं भरून आणलं आणि माझ्या काठाशी ठेवलं. "बियाने म्हनून चालते का पाह्य," एवढंच म्हणाले. मॅडम गेल्यावर, चुन्यानं शेवाळ मरतं म्हणून, चिंचेच्या पाण्यानं मला घासून माझा चुना स्वतः उतरवला. समीक्षानं पुन्हा टँकर आणून मला भरलं आणि त्या बादल्या माझ्यात ओतल्या.

आज बारावा दिवस. पाणी फिकट हिरवं आहे. मी थकलो आहे. भेगांतून झिरपतो, तरी जमेल तेवढं धरून ठेवतो. आभाळ भरलेलं आहे, आणि शेवाळाला ऊन लागतं. काल विठ्ठलराव कुऱ्हाड घेऊन आले आणि बाभळीच्या माझ्याकडच्या सगळ्या फांद्या त्यांनी तोडल्या. बैलांसाठी वाढवलेल्या. एक एक फांदी ओढत बांधावर नेली.

आता माझ्यावर सावली नाही. वरच्यानं नऊ दिवस ढग तेवढे आवरावेत. बाकीचं आम्ही पाहतो.