कच्चं अळू

लुपे फोनोटीला कुणाचं काही चोरून ऐकायचं नव्हतं. मेकअपच्या खोलीत तिचा चष्मा राहिला होता म्हणून ती परत आली, तर दार किलकिलं होतं आणि आतून ब्रॉनविन बोलत होती. ब्रॉनविन या टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेची निर्माती. स्पर्धकांनी कुठे बसायचं, कधी बोलायचं, सगळं तिच्या हातात.

"विन्कोचं काम चोख आहे," ती कुणाला तरी सांगत होती. "पहिल्याच आठवड्यात त्याला लुपेशेजारी बसवलं. आता बघ, बाई पार विरघळलीय. आज दोघांना समोरासमोर उभं करू. एक घरी जाईल. लोक रडत रडत बघतील."

लुपे चष्मा न घेताच माघारी वळली. 

तिचं वय अडतीस. सिडनीच्या पश्चिमेला, माउंट ड्रुइटच्या एका वृद्धाश्रमात ती साठ म्हाताऱ्यांचा स्वयंपाक करायची. नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. मेलबर्नला येऊन पाच आठवडे झाले होते, आल्या दिवशीच सगळ्यांचे फोन काढून घेतले होते, आणि रविवारी दहा मिनिटं घरी बोलायला मिळे तेही कुणीतरी शेजारी बसून ऐकत असताना. अशा कोंडवाड्यात विन्को भेटला. पोर्ट लिंकनचा, टूना मासे पकडणाऱ्या बोटीवरचा, मूळचा क्रोएशियन घराण्यातला. रोज सकाळी मागच्या पायरीवर दोघं चहा प्यायचे. तो फार बोलायचा नाही. कांदे मात्र तिच्या वाटणीचेही सोलून टाकायचा. आपल्याला त्याची सवय लागलीय हे लुपेनं अजून स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नव्हतं, आणि ते सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलं होतं. तीन महिन्यांनी कार्यक्रम लागेल तेव्हा तिची आई, चर्चमधल्या बायका, नवऱ्याच्या बहिणी टीव्हीसमोर बसतील आणि एक विधवा बाई कशी फसली ते बघतील.

दुपारी दोघांना समोरासमोरच्या ओट्यांवर उभं केलं. सव्वा तास. ज्याला काही सांगायचं राहून गेलं, त्याच्यासाठी पदार्थ करायचा. घंटा झाली तशी लुपे धावत कोल्ड स्टोरेजमध्ये शिरली. पाठोपाठ विन्को आला. तिनं कमरेला लावलेला माइक बंद केला आणि त्याचाही केला.

"तुला माझ्याशेजारी बसायला सांगितलं होतं?"

विन्कोचा चेहरा उतरला. "हो."

"आणि तू बसलास."

"बसलो. पहिल्या आठवड्यात बसलो. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, आता दुसरीकडे बस, तिला जरा झुरू दे. तेव्हा उठलो नाही."

"हेही सांगायला सांगितलंय का?"

तो काही बोलणार एवढ्यात दार उघडलं आणि कॅमेरावाला आत आला. लुपेनं हाताला लागली ती अळूची जुडी उचलली आणि बाहेर पडली.

आठ मिनिटं गेली होती. पालुसामी करायचं तिनं ठरवलं, म्हणजे नारळाच्या घट्ट दुधात शिजवलेलं अळू, आणि वर भाजलेला मासा. तिच्या हाताला हा पदार्थ लहानपणापासून माहीत होता. पण आज पानांच्या शिरा काढताना सुरी दोनदा निसटली. मोठं पातेलं चढवून पाणी उकळेपर्यंत आणखी वेळ गेला. अळूला घाई चालत नाही. कच्चं राहिलं तर घसा धरतं. लहानपणी एका रविवारी तिच्या चुलतभावानं अर्धकच्चं अळू खाल्लं होतं. त्याचे पांढरे झालेले डोळे आणि घशातून येणारा घर्र आवाज तिला आजही आठवत होता.

सहा मिनिटं उरली तेव्हा तिनं चव घेतली. जिभेचा शेंडा चुरचुरला. पण जीभ तर सकाळपासूनच कोरडी पडली होती. हे अळू आहे की भीती, तिला कळेना. समोर बसलेल्या परीक्षकांपैकी वेरोनिका हेल सत्तरीच्या होत्या.

"काय झालं?" विन्कोनं समोरून विचारलं.

"शिजलंय की नाही कळत नाही."

तो आपला तवा सोडून आला. कॅमेरा त्याच्या मागे. ब्रॉनविन कॅमेऱ्यामागे उभी राहून हसत होती, तिला हवं तेच चाललं होतं. विन्कोनं चमचाभर अळू तोंडात घातलं, सावकाश चावलं, गिळलं, आणि तसाच थांबला. मग दुसरा चमचा घेतला.

"खाजतंय," तो म्हणाला. "देऊ नकोस."

ब्रॉनविनचं हसू मावळलं. हे तिनं ठरवलेलं नव्हतं.

लुपे त्याच्याकडे बघत राहिली. अळू काढलं तर ताटात उरतं काय, नुसता मासा आणि नारळाचा रस. तो खोटं बोलत असेल तर ती आपल्या हातानं आपली वाट बंद करत होती. तो खरं बोलत असेल आणि तिनं ऐकलं नाही, तर एका म्हातारीचा घसा सगळ्या देशासमोर आवळला जाणार होता. मग तिनं अळूचं पातेलं उचललं आणि सगळं कचऱ्यात ओतलं.

वेरोनिकाबाईंनी ताट बघून भुवई उंचावली. "पालुसामी म्हणालीस ना? मग अळू कुठाय?"

"कच्चं राहिलं. टाकून दिलं."

"तुला कसं कळलं?"

"विन्कोनं सांगितलं."

"तो तुझा प्रतिस्पर्धी आहे. तू ऐकलंस?"

"हो," ती म्हणाली. "ऐकलं."

ती हरली. विजेता म्हणून विन्कोचं नाव पुकारलं तेव्हा तो आपल्या जागेवर नव्हता. निकालाआधीच त्याला आत नेलं होतं. लुपे धावत मागे गेली. तो एका खोक्यावर बसला होता, ओठ सुजून जाड झालेले, तोंडात बर्फ, डोळ्यांतून पाणी. नर्स त्याच्या घशात टॉर्च मारून बघत होती. त्याला काही झालं तर? आजवरची सगळी भीती या भीतीपुढे काहीच नव्हती.

"श्वास ठीक आहे," नर्स म्हणाली. "सूज उतरेल हळूहळू. पण मी इथून हलणार नाही."

"दोन चमचे खायची काय गरज होती तुला?" लुपे त्याच्यावर खेकसली. आवाज फाटला.

"एकानं... नक्की कळेना," तो बोबड्या आवाजात म्हणाला.

ती त्याच्या पायाशी फरशीवर बसली. माइक चालू होता. तिनं तो बंद केला नाही.

त्याच संध्याकाळी तिला सिडनीला पाठवलं. विन्को आणखी तीन आठवडे आत राहिला, ना फोन ना निरोप. करारामुळे घरी काही सांगता येत नव्हतं. आई दर जेवणाला तिच्या तोंडाकडे बघे आणि काही न विचारता उठून जाई. आपल्याला तो विसरला असेल, किंवा तिथे त्याच्याशेजारी नवी कुणी बसवली असेल, असं लुपेला रोज वाटायचं.

चौथ्या आठवड्यात, दुपारी, वृद्धाश्रमात भांडी आवरताना फोन वाजला.

"मी हरलो," विन्को म्हणाला. "तिसरा आलो. सिडनीला येऊ का?"

नळ वाहत होता.

"लुपे?"

"आईला काय सांगू? भीती वाटतेय मला."

"मलाही वाटतेय. तिकीट काढून हातात धरून बसलोय."

तिनं नळ बंद केला. "शनिवारी ये," ती म्हणाली. "दुपारी. आई घरी असेल."