उतरलेली हवा

“रातून हवा उतरली त्या चाकावर माणसं बसवाची नाई. आधी कारण शोधाचं, मंग गाडी काढाची.”

गाडी घरी आली त्या दिवशी केवलरामनं भागीरथेला हे सांगितलं होतं, आणि तिचा अंगठा धरून चाकावर दाबून दाखवला होता. डोळे फसवतात, अंगठा फसवत नाही. तेव्हापासून सकाळी तुळशीला पाणी घातलं की चारही चाकांना अंगठा लावायचं काम तिचं झालं. शेजारणी हसत. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. सोमवारचा उपास होता, चतुर्थीचा होता, त्यात हा आणखी एक नेम.

आज ती पुढच्या डाव्या चाकापाशी बसली. तिनं व्हॉल्व्हची टोपी काढली, केसांतला आकडा ओढून घेतला आणि त्याचं टोक आतल्या पिनेवर दाबलं. हवा फिसफिसत बाहेर येऊ लागली. तोंडानं तिचं नामस्मरण चालूच होतं. चाक खाली बसल्यासारखं दिसल्यावर तिनं आकडा केसांत खोवला, टोपी लावली आणि ती स्वयंपाकघरात गेली. पूजेआधी हे करायला तिचं मन धजत नसे. पूजेनंतर केलं तरी दिवसभर देवघरासमोरून जाताना तिची मान खाली जाई.

थोड्या वेळानं अंगणातून त्याचा आवाज आला.

“आजबी उतरली वो.”

ती कणीक मळत राहिली.

केवलराम पोलादाच्या कारखान्यात क्रेनवर होता. उकळत्या लोखंडाची भांडी माणसांच्या डोक्यावरून न्यायची, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. उभ्या नोकरीत त्याच्या हातून कोणाच्या अंगावर ठिणगीही पडली नाही, असं रुआबांधा वस्तीतले त्याचे जुने सोबती अजून सांगत. तो निवृत्त झाला त्याच सुमाराला एका साहेबांनी मारुती घेतली आणि त्यांची जुनी अँबॅसेडर ह्याच्याकडे आली. मग वस्तीतल्या नवऱ्या मुली, आजारी म्हातारे, बाळंतिणी, सगळे केवलरामकाकांच्या गाडीत बसू लागले. पेट्रोल तुमचं, हात माझे, असं तो म्हणायचा. त्या हातांची कोणाला गरजच उरली नसती तर तो घरात कसा बसला असता, हे भागीरथेला ठाऊक होतं. म्हणूनच तिचं तोंड बांधलं गेलं होतं.

दिवाळीनंतर दोघं चरोद्याहून परत येत होते. तो भाताच्या पिकाबद्दल काहीतरी सांगत होता आणि सांगता सांगता वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिला वाटलं, आठवत असेल. मग गाडी हळूहळू डावीकडे सरकू लागली, कडेला उभ्या असलेल्या ट्रककडे. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. डोळे उघडे होते. पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, गाडी मुरमाच्या ढिगात शिरली आणि बंद पडली.

त्यानं मान हलवली आणि मघाचं अर्धं वाक्य पूर्ण केलं. त्यानंतर समोर पाहून विचारलं, गाडी इथं कशी आली?

तिनं सांगितलं. पित्ताची चक्कर असेल, तो म्हणाला. डॉक्टरचं नाव काढलं तेव्हा चिडला. शेवटी त्यानं तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

“माह्या गळ्याची आन हाय तुले. कोणाले सांगू नोको.”

त्यानंतर घरातही ते झालं. एकदा चहाची बशी तिरपी होऊन सगळा चहा धोतरावर सांडला, तरी तो भिंतीकडे बघत होता. एकदा अंगणातल्या नळाखाली बादली भरून वाहत राहिली. दर वेळी तो परत येई आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढचं काम करू लागे. भागीरथेनं आन मोडली नाही. दिलेला शब्द मोडायची तिला सवयच नव्हती. पण त्याचाच एक नियम तिच्या हाताशी होता, आणि केसांत आकडा होता. हवा उतरली की तो गाडी काढत नसे. एका लग्नाची फेरी अशी टळली, एक दवाखान्याची टळली. लोकांनी दुसरी सोय केली.

आजची हवा तिनं उद्याच्या फेरीसाठी सोडली होती, पण ती फेरी एवढ्यानं टळणारी नव्हती. पलीकडच्या गल्लीतल्या शैलाची मुलगी तारा बाळंतपणाला माहेरी आली होती. आता ती बाळाला घेऊन सासरी राजनांदगावला जायची होती. हमरस्त्यानं दुर्ग ओलांडायचं, पुढं शिवनाथेचा पूल. त्या पुलाचे कठडे भागीरथेला आता स्वप्नातही दिसत.

दुपारी शैला स्वतः आली, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. जावई रेल्वेनं या म्हणत होते, पण तारा हट्टाला पेटली आहे, म्हणाली. दिवाळीआधी काकांनीच दवाखान्यात नेलं होतं, काकाच सासरी पोचवतील. मग ओट्यावर टेकून तिनं भागीरथेकडे पाहिलं.

“काका आहेत म्हणून मी निश्चिंत आहे, काकू.”

भागीरथेनं तोंड उघडलं. गळ्यावर ठेवलेला तो हात तिला आठवला.

“रेल्वेनंच धाड ना वो तिले,” ती हळू आवाजात म्हणाली. “लहान लेकरू हाय.”

शैलाचा चेहरा उतरला. ती उठली, पदर सारखा केला.

“पेट्रोलचं आम्ही बघू हो, काकू. एवढे वाईट दिवस नाही आले आमचे.”

डबा तिथंच ठेवून ती गेली. भागीरथेनं तो उघडला नाही.

तेवढ्या वेळात केवलराम चाक घेऊन धोंडबाकडे गेला होता. धोंडबा आधी ट्रकवर ड्रायव्हर होता. म्हातारी आई एकटी राहते म्हणून लांबच्या फेऱ्या सोडून त्यानं नेहरू नगरच्या वळणावर पंक्चरचं दुकान टाकलं होतं. केवलराम परतला तेव्हा दिवस बुडत होता. कारखान्याकडचं आकाश तापल्यासारखं लाल झालं होतं आणि त्याचा उजेड गाडीच्या टपावर पडला होता. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला.

“धोंडबानं ट्यूब पाण्यात फिरवली. बुडबुडा नाई. मने, काका, तुमच्या घरी भूत हवा पिऊन रायलं का?”

तो हसला. ती हसली नाही. त्यानं मूठ उघडली. तळहातावर व्हॉल्व्हची टोपी होती आणि तिच्या आट्यांत हळदकुंकवाचा ओलसर गाळ बसला होता.

“भूत कुकू लावत नसते,” तो म्हणाला.

चुलीवरचं दूध वर आलं. तिनं ते उतरवलं, पदर बोटांभोवती गुंडाळला.

“मी कोणाले सांगतलं नाई.”

“नाई सांगतलं.” त्यानं मान हलवली. “मालूम हाय मले.”

“तुमीच मनत होते. रातून उतरलं त्या चाकावर माणसं बसवाची नाई.”

“मी चाकाचं बोललो होतो.”

“हो,” ती म्हणाली.

त्यानं टोपी पुन्हा मुठीत घेतली. मग उठला.

“उद्या गाडीले हात लावू नोको. तारीले शबूद देल्ला मी.”

“नाई लावत. पण मी पुढं बसीन.”

टोपी चाकाला लावायला तो अंगणात गेला.

सकाळी तिनं तुळशीला पाणी घातलं आणि गाडीपाशी गेली नाही. अंगठा पदरात धरून ती पायरीवर बसली. त्यानं गाडी धुऊन पुसून लख्ख केली होती. लांबच्या फेरीला चाकांखाली लिंबं ठेवायची त्याची रीत होती. मागची दोन ठेवून झाली, पुढच्या उजव्या चाकाचं झालं, आणि शेवटचं लिंबू घेऊन तो डाव्या चाकासमोर उकिडवा बसला.

बसला तो बसलाच.

तिला वाटलं, हवा बघतोय. मग लिंबू त्याच्या हातातून सुटलं आणि उतारावरून घरंगळत नालीच्या काठाला जाऊन थांबलं. त्याची बोटं तशीच वाकलेली राहिली, आत काही नसताना. रस्त्यावरून एक स्कूटरवाला जाताना ‘राम राम, काका’ म्हणाला, उत्तराची वाट पाहिली आणि निघून गेला. भागीरथेनं हाक मारली नाही. ती उठून लिंबू घेऊन आली आणि त्याच्याजवळ उभी राहिली. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात लाळ आली होती. तिनं पदरानं टिपली.

त्याचे खांदे हलले. त्यानं हात चाकाखाली नेला आणि बोटांकडे पाहिलं.

“लिंबू कुठी गेलं वो?”

तिनं हात पुढं केला.

“कवा पडलं?”

“आत्ता. तो स्कूटरवाला राम राम करून गेला ना, तवा.”

“कोणता स्कूटरवाला?”

तिनं रिकाम्या रस्त्याकडे बोट केलं. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग हळूच जमिनीवर बसला आणि त्यानं चाकाला पाठ टेकली. शैलाच्या गल्लीतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. तिकडे त्याची आंघोळ चालली असावी.

“क्रेनवर पायाखाली घंटी राहे,” तो म्हणाला. “ती वाजवल्याबिगर लोड हालवत नोतो मी. खालच्या माणसाईले समजलं पायजे ना.” त्याची नजर स्वतःच्या पायांवर होती. “तू कवापासून वाजवून रायली.”

भागीरथेनं लिंबू त्याच्या हातात दिलं. त्यानं ते चाकाखाली नीट बसवलं.

“तारी तयार होऊन बसली असन,” ती म्हणाली.

“पोचवीन मनलं होतं मी तिले. चालवीन नोतं मनलं.” तो गुडघ्यावर हात देऊन उठला. “धोंडबाले घेऊन येतो. मी मांगं बसीन, लेकराजवळ.”

“त्याले काय सांगान?”

“खरं सांगीन. शैलालेबी सांगीन.” त्यानं खिशात हात घातला. “तुह्यी आन सुटली.”

खिशातून गाडीची चावी काढून त्यानं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, तिच्या तांब्याशेजारी. खांद्यावरचं पुसायचं फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं. फाटकाकडे जाता जाता सवयीनं तो पुढच्या डाव्या चाकापाशी वाकला आणि त्यानं अंगठा दाबून पाहिला.

चाक टणक होतं. मग तो रस्त्याच्या कडेकडेनं, पायी, धोंडबाच्या दुकानाकडे निघाला.