पडण्यासाठी बांधलेला बंगला

मित्रांनो, बंगला म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फाटक, बाग आणि गच्ची येईल. माझ्याजवळ यातलं काहीच नाही. मी ओंजळीत मावेन एवढाच आहे, आणि लाकडाचा. मला दार आहे पण ते उघडत नाही, खिडक्या आहेत त्या नुसत्याच कोरलेल्या. सध्या मी एका कपाटाच्या माथ्यावर छप्पर खाली आणि पाय वर करून पडलेला आहे. माझे पाय म्हणजे माझे खांब. माझी सगळी कहाणी त्या खांबांचीच आहे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगतो.

मला घडवणारा माणूस लोखंड ओतायच्या कारखान्यात लाकडी साचे बनवायचा. त्याने घासलेल्या फळीवरून बोट फिरवलं तर सांधा कुठे आहे ते कळायचं नाही, इतका त्याचा हात नेमका. पुढे तो कारखाना बंद पडला. घरात पगार त्याचा एकट्याचा, आणि राहतं घर कर्जावर घेतलेलं. हप्ते थकले, घर गेलं. नवराबायको सामान घेऊन एका भाड्याच्या खोलीत आली. त्या खोलीत, उरलेल्या एका ठोकळ्यातून त्याने मला कोरलं. माझ्या पोटाला खालून चार भोकं पाडली. तीन कडेला, त्रिकोणात. चौथं मोठं, बरोबर मध्ये. प्रत्येक भोकासाठी एक खांब केला, हाताने बसणारा आणि हाताने निघणारा.

आता जरा लक्ष द्या. कडेच्या तीन खांबांवर मी छान उभा राहतो. पण त्यांतला कोणताही एक काढा, मी पडतो. कारण माझं वजन मधोमध येतं आणि तिथे खाली आधार नसतो. मधल्या भोकात जाड खांब असेल, तर मात्र कडेचा एक गेला तरी मी जागचा हलत नाही. हे गणित त्याने मला करवत लावण्याआधीच मांडलं होतं. मी तयार झालो तेव्हा त्याने मला बायकोच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "आपल्याला हे कुणी आधी दाखवलं असतं, तर."

ती बायको म्हणजे माझ्या बाई. बाईंनी पुढे गृहकर्ज मिळवून देण्याचं काम धरलं. ज्यांना घर घ्यायचं असतं पण व्याजाचे दर, मुदत, बँकेच्या अटी यांत काही उमगत नाही, अशी माणसं त्यांच्याकडे येत. कोणती बँक कुणाला दारात उभं करील, कागदपत्रं कोणती लागतील, छुपा खर्च कुठे आहे, ते सगळं बाई बघायच्या. त्यांचा मेहनताना कर्ज मंजूर झाल्यावर बँकेकडून मिळायचा. म्हणजे गिऱ्हाइकाला "घेऊ नका" म्हटलं की बाईंच्या पदरात शून्य. तरी त्या म्हणायच्या, आणि मला म्हणायला लावायच्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. माणसं समोर बसली, पाणी पिऊन झालं, की बाई मला पुढे ओढायच्या आणि एकेक खांब बसवत जायच्या. "हा तुमचा पगार. हा वहिनींचा पगार. ही घरातल्यांची तब्येत. आणि हा मधला म्हणजे शिल्लक. घर घेतल्यावरही हातात राहणारी. आहे का?" असेल तर मधला खांब बसे. नसेल तर भोक रिकामं. मग बाई समोरच्यालाच सांगायच्या, "आता यातला कोणताही एक काढा."

माणसं हसत हात पुढे करायची. मी पडायचो. टेबलावर माझं छप्पर आपटायचं, तो आवाज तसा लहानच, पण खोलीतलं हसणं थांबायचं. काही जण रागावून उठून जायचे. काही जण घर लहान घ्यायचे, काही थांबायचे. काही वर्षांनी कुणी पेढ्याबिढ्यांच्या भानगडीत न पडता नुसतं दारातून डोकावून म्हणे, "बाई, तुमचा तो पडका बंगला आहे ना अजून? त्याला सांगा, आम्ही नीट आहोत." मित्रांनो, पडण्याबद्दल शाबासकी मिळवणारी वस्तू जगात क्वचितच असेल. माझ्या छपराचा कोपरा आपटून आपटून चेपला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

एकदा एक कुटुंब आलं. नवरा बेकरीत भट्टीवर काम करणारा, बायको तंबू शिवायच्या कारखान्यात मशीनवर, आणि सोबत सासूबाई. राहत होते त्या भाड्याच्या खोलीच्या भिंतीला बारमाही ओल होती. वाळत घातलेले कपडे दमटच अंगावर चढवावे लागत. त्यांनी एक घर पाहून ठेवलं होतं. त्याच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन थेट ओट्यावर येत होतं. ते सांगताना तंबू शिवणाऱ्या बायकोने आपला तळहात टेबलावर असा पसरला, जणू ऊन तिथेच पडलंय.

माझ्या बाईंनी तीन खांब बसवले. मधलं भोक रिकामं राहिलं. सासूबाईंनी एक खांब ओढला आणि मी धाडकन आडवा झालो.

"अगं बाई! हे घर आहे का बेकरीतला केक?" सासूबाई म्हणाल्या. "बोट लावलं की बसला खाली!"

"आई, माझे केक नाही बसत असे," मुलगा म्हणाला. सगळे हसले. तंबूवाली मात्र हसली नाही. तिने मला उचलून सरळ केलं आणि खांब पुन्हा बसवून पाहिला.

"आमच्याकडे असंच करतात," ती म्हणाली. "तंबू उभा केला की एक दोरी सोडून बघायची. उभा राहिला तर पास. पडला तर परत मशीनवर."

"मग माझं अर्धं काम तुम्हाला येतंच," बाई म्हणाल्या. "हा पडला. परत मशीनवर न्या. मधला खांब घेऊन या, किंवा मागच्या गल्लीतलं लहान घर बघा."

"तिथे ऊन नाही हो येत," नवरा हळूच म्हणाला.

"येत नाही, खरंय," बाई म्हणाल्या. त्यापुढे त्यांनी काही गोड बोलायचा प्रयत्न केला नाही.

ती माणसं थांबली. तंबूवालीने जास्तीच्या पाळ्या धरल्या. अधूनमधून ती घरी जाता जाता दारात उभी राहून सांगायची, "जमतंय हं, बाई." मधला खांब हळूहळू तयार होत होता.

मग एका सकाळी माझ्या बाईंचा उजवा हात कामातून गेला. जीभही जड झाली. त्यांच्या खुर्चीवर त्यांचा भाचा येऊन बसला. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याने भिंतींना रंग दिला, खुर्च्या बदलल्या, येणाऱ्याला तो उठून नमस्कार करायचा. फक्त त्याला माझं पडणं आवडत नव्हतं. "घर विकत घ्यायला आलेल्या माणसापुढे पडणारं घर कोण ठेवतं? मावशीचं पण काहीतरीच," असं तो फोनवर कुणाला तरी म्हणाला. माझा मधला जाड खांब त्याने खिडकीच्या फटीत खोचला, वाऱ्याने ती आपटू नये म्हणून. मग एक चकचकीत, जड फळी आणली. तिच्यावर त्याच्या कचेरीचं नाव होतं. त्या फळीवर मला ठेवून त्याने दोन खांब वरून आणि खालून डिंकाने पक्के केले. तिसऱ्याची पाळी आली तेव्हा फोन वाजला. तो तसाच सुटा राहिला.

आणि नेमकी ती माणसं परत आली. नवराबायको दोघंच. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितलं होतं. उन्हाचं घर अजून विकलं गेलं नव्हतं, पण किंमत वाढली होती. साठवलेलं सगळं सुरुवातीलाच भरावं लागणार होतं.

"म्हणजे हातात काही राहत नाही," तंबूवाली म्हणाली. "बाई असत्या तर..."

"ताई, मावशीचा काळ वेगळा होता. दोघांचे पगार आहेत, बँक एका पायावर तयार आहे. शिल्लक काय, नंतर साठतेच."

तिची नजर माझ्याकडे वळली. मग तिने हात पुढे केला आणि माझा एक खांब ओढला. तो सुटा होता, सहज तिच्या हातात आला.

मी पडलो नाही.

मित्रांनो, मी पडायचा प्रयत्न केला असं म्हणणं खोटं ठरेल. लाकूड प्रयत्न करत नाही. माझं वजन त्या बाजूला ओढलं गेलं, डिंकाने ते धरून ठेवलं, आणि मी उभा राहिलो. इतकंच घडलं.

"अहो, बघा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मधला नाहीये. तरी उभा आहे."

"पास?" नवऱ्याने विचारलं.

"पास," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसावं तशी हसली.

एवढ्याशा खेळण्यावर कुणी घर घेतं का, असं तुम्ही विचाराल. नाही घेत. पण मन आधीच त्या उन्हात जाऊन बसलेलं असतं. त्याला फक्त एक बोट टेकायला हवं असतं. भाच्याने ते सगळं पाहिलं. डिंकाची बाटली त्याच्याच खणात होती. तो तोंड उघडणार, असं मला क्षणभर वाटलं. मग त्याने पेन तिच्या पुढे सरकवलं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, ती शेवटची आली तेव्हा. त्या घरात ओट्यावर ऊन खरंच येत होतं. सासूबाई रोज तिथे पाठ शेकत बसायच्या. पण बेकरीत वर्षानुवर्षं उडणारं पीठ नवऱ्याच्या छातीत बसलं होतं. आधी खोकला, मग धाप. मैद्याचं पोतं उघडलं की त्याचा श्वास कोंडू लागला. डॉक्टरांनी पीठ बंद करायला सांगितलं, आणि पीठ बंद म्हणजे पगार बंद. बाईंच्या हिशेबातले पगार आणि तब्येत हे दोन खांब एकदम निघाले होते. आता बँकेने घर लिलावात काढायचं ठरवलं होतं.

"काही मुदत मिळेल का, बघाल का?" तिने विचारलं. "तुम्ही ओळखता त्यांना."

"ताई, पहिला हप्ता चुकायच्या आधी आला असतात, तर हप्ता कमी करून मागता आला असता. आता माझ्या हातात काही नाही."

"कुणी सांगितलंच नाही, आधी यायचं असतं म्हणून."

भाच्याने टेबलावरचे कागद सारखे केले.

"बाईंना भेटता येईल?"

"मावशी गेली. मागच्या वर्षीच."

ती उठली. उठताना तिने मला जवळून बघायला उचललं, आणि माझ्यासोबत ती जड फळीही उचलली गेली. ती थांबली. तिने मला उलटं केलं. आयुष्यभर टाके तपासलेले डोळे ते. माझ्या खांबांच्या मुळाशी वाळलेले पिवळट थेंब तिला लगेच दिसले. तिने एका थेंबावर नख फिरवलं.

"हा डिंक कधी लावला, भाऊ?"

"सारखा पडायचा तो..."

"आम्ही आलो होतो, त्या दिवशी होता?"

त्याने मान हलवली. हो म्हणून.

मला वाटलं ती मला भिंतीवर फेकेल. तिने मला जपून टेबलावर ठेवलं.

"मी तुम्हाला विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "मी याला विचारलं होतं."

जाताना दारापाशी तिला खिडकीच्या फटीतला तो जाड खांब दिसला. तिने तो ओळखला. त्याला हात न लावता ती निघून गेली, आणि तिच्यामागे दार वाऱ्याने आपटलं. खिडकी मात्र आपटली नाही.

ते घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. ती येऊन गेली त्या संध्याकाळीच भाच्याने मला फळीवरून उपटायचा प्रयत्न केला. त्याला काय करायचं होतं कोण जाणे. माझे दोन खांब मुळाशीच मोडले, खुंट फळीवर राहिले. तेव्हापासून मी इथे वर आहे. उलटा ठेवलेला बंगला पडत नाही, आणि उभाही राहत नाही. धूळ बसत राहते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी टेबलासमोर बसून घराची स्वप्नं सांगाल. समोरचा माणूस हसतमुख असेल, मदतही करील. त्याला एवढंच म्हणा, "यातला एक खांब काढून दाखवा." तो विषय बदलू लागला, तर उठा. आणि अशी पडणारी एखादी वस्तू तुमच्या हाती आलीच, तर तिची लाज वाटून तिला चिकटवू नका. वेळेवर पडणं हेच तिचं काम असतं.

तंबूवाली आता कुठे राहते, मला माहीत नाही. तिने शिवलेले तंबू मात्र कुठे कुठे उभे असतील. एक दोरी सोडून पाहिल्यावरही उभे राहिलेले.