बाकावरचा आवाज

माहितीपट करताना काय शिकलात ते लिहून द्या, असं सर म्हणालेत. पहिलं हे शिकले, की गट ठरतो त्या दिवशी उशिरा जायचं नाही. मी गेले, आणि संकलन माझ्या गळ्यात पडलं. कॉलेजच्या फुटबॉल संघाचा अख्खा हंगाम मी एका बिनखिडकीच्या खोलीत बसून बघितला. खेळणारे एकदाच दमले, मी त्यांच्या नावाने रोज दमत होते.

त्यात आवाजाची बोंब. आमच्या कॅमेरावाल्याने माइक लावला तो सावली बघून, राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी. दर सामन्याला तिथेच. त्यामुळे सगळीकडे एकच घसा ऐकू यायचा, राखीव गोलकीपरचा. "डावा बघ, डावा! मागे ये!" त्याला सगळे बाकडेराव म्हणायचे. हंगामभर तो एकदाही मैदानात उतरला नाही, पण ओरडला मात्र अकरा जणांच्या वाटचं. त्याचा आवाज बारीक करता करता माझा जीव मेटाकुटीला आला.

माहितीपट दाखवायच्या आदल्या दुपारी तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, उद्या आई येतेय."

"मग येऊ दे की."

"तिला वाटतं मी खेळतो. पहिल्या सामन्याला तसं सांगून बसलो, मग मागे फिरता येईना. मला एकदाच बॉल अडवताना दाखवा ना. नाहीतर उद्या कुठल्या तोंडाने तिच्याकडे बघू?"

माहितीपटात एक क्षणही खोटा नको, असं सरांनी बजावलं होतं. मी त्याला तेच ऐकवलं, जरा तोडूनच. तो "बरं" म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. गयावया केली असती तर हाकलून दिला असता. पण ते नुसतं उभं राहणं मला सोसेना. शिवाय मी इतकी थकले होते, की भांडायचंही त्राण नव्हतं.

सरावातला एक तुकडा सापडला. बाकडेरावने असा सूर मारला होता, की वा. जर्सी तीच, मैदान तेच. मी तो उपांत्य सामन्यात घुसवला आणि जोड कळू नये म्हणून खाली सामन्याचा आवाज अखंड ठेवला. ही आमच्या कामातली जुनी युक्ती. म्हटलं, सुटले एकदाची.

दुसऱ्या दिवशी त्या सुरावर सभागृहात टाळ्या पडल्या. त्याच्या आईनेही वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर तिने मला बाहेर नळापाशी गाठलं.

"हे सगळं तुम्हीच जोडलंत ना?"

"हो, काकू."

"मग मला एक सांगा. माझा मुलगा गोलात उडी मारत होता, तेव्हा बाकावरून 'डावा बघ' म्हणून कोण ओरडत होतं?"

एवढे दिवस डोकं उठवून उठवून तो आवाज माझ्या कानांना ऐकूच येईनासा झाला होता. तिला मात्र तेवढाच ऐकू आला.

"चुकलं माझं, काकू."

"तुमचं काय चुकलं? तो मला सांगायला घाबरला, याचं वाईट वाटतं बघा. मी काय त्याला घराबाहेर काढणार होते?" तिने पदराने डोळे टिपले. "मला कळलंय हे त्याला सांगू नका हं. फार आनंदात आहे आज."

तेवढ्यात तो आलाच. माझ्याकडे बघून त्याने हळूच भुवया उडवल्या.

"आई, बघितलंस?"

"बघितलं की. केवढ्याने आपटलास रे. लागलं नाही ना?" तिने त्याचा खांदा नीट चाचपून बघितला.

"थोडंसं," तो म्हणाला.

"घरी चल, शेकून देते," ती म्हणाली, आणि त्याची बॅग तिने स्वतःच्या खांद्याला लावली.